तळघरातलं अग्निप्रदीपन

पहाटे दोनला बाळाला पाजायला उठले आणि जाणवलं, घर गप्प आहे. मिनेसोटातलं घर जानेवारीत कधीच गप्प नसतं. जमिनीतल्या जाळ्यांमधून गरम हवा येत राहते आणि तिचा एक मंद, सलग आवाज असतो. तो इतका अंगवळणी पडतो की चालू असताना ऐकू येत नाही, पण थांबला की झोपेतही कळतं. बाहेर उणे २६ अंश सेल्सिअस होतं. थर्मोस्टॅटवर फॅरनहाइटमधले ६१ दिसत होते, म्हणजे आपले १६. झोपताना तिथे ७० होते. बाळ २३ दिवसांचं. नवरा कामासाठी परगावी. घरात मी, बाळ आणि बाळंतपणासाठी सांगलीहून आलेले आईबाबा.

"मागच्या अंगणात ती कोळशाची शेगडी आहे ना," आई म्हणाली, "ती पेटवून आत घेऊया. बाळाला ऊब तरी मिळेल." आमच्याकडे बाळंतिणीच्या खोलीत शेगडी असतेच, तेव्हा तिला ते सुचणं साहजिक होतं. पण ती खोली कौलारू घरातली, फटीफटीतून वारा खेळणारी. इथलं घर थंडीसाठी चहूबाजूंनी बंद केलेलं असतं. त्यात कोळसा पेटवला तर कार्बन मोनॉक्साइड साचत जातो. त्याला ना रंग ना वास, आणि झोपलेल्या माणसाला तो जागं होऊच देत नाही.

"शेगडी अजिबात नको," बाबा म्हणाले. "पोरी, चल खाली. तुझी फर्नेस काय म्हणतेय ते बघू."

बाबांनी ३१ वर्षं साखर कारखान्यात बॉयलरवर काढली. कायद्याने बॉयलरपाशी प्रमाणपत्र असलेला माणूस लागतो. ते तो माणूस होते. गळीत हंगाम सुरू व्हायच्या आधी कारखान्यात बॉयलर अग्निप्रदीपनाचा कार्यक्रम होतो, पूजा होते, नारळ फुटतो, अध्यक्षांच्या हस्ते बॉयलर पेटतो आणि फोटो पेपरात येतो. फोटो काढून मंडळी गेली की पुढचे चार-पाच महिने त्या आगीपाशी रात्रंदिवस जी माणसं उभी असतात, त्यांतले बाबा एक. घरातल्या यंत्राला इथे फर्नेस म्हणतात याचंच त्यांना पहिल्या दिवशी अप्रूप वाटलं होतं. त्यांच्या लेखी फर्नेस म्हणजे बॉयलरचं पोट, जिथे बगॅस, म्हणजे उसाची चिपाडं, जळतात ती दोन मजली जागा. आमच्या तळघरातली फर्नेस गोदरेजच्या कपाटाएवढी.

खाली जाऊन त्यांनी पत्र्यावर तळहात ठेवला आणि कान लावला. "आयडी फॅन चालू आहे," ते म्हणाले. "पण आग नाही."

मी त्या घरात सहा वर्षं राहत होते आणि आत असा काही फॅन आहे हेच मला माहीत नव्हतं.

पत्र्याच्या खालच्या दारावर रुपयाएवढी गोल काच होती. तिच्यामागे एक बारीक लाल दिवा लुकलुकत होता. एक, दोन, तीन. थांबला. एक, दोन, तीन. थांबला. मी दार काढायला हात घातला तर बाबांनी अडवलं. "आधी मोज आणि लिहून ठेव. पॅनलवर अलार्म आला की आधी वहीत लिहायचा, मग हात लावायचा." त्यांनी ते कारखान्याच्या सवयीने सांगितलं, पण इथे ते किती नेमकं लागू होतं हे मला नंतर कळलं. त्या दारामागे एक छोटं बटण असतं. दार बसलेलं असलं की ते दाबलेलं राहतं. दार निघालं की सुटतं आणि यंत्राची वीज तोडतं, कुणाचा हात फिरत्या पंख्यात जाऊ नये म्हणून. पण बऱ्याच जुन्या फर्नेसांमध्ये वीज गेली की कंट्रोल बोर्डाच्या लक्षात ठेवलेलं सगळं पुसलं जातं. उत्सुकतेने दार उघडणारा माणूस नेमका तोच निरोप पुसून टाकतो, जो वाचायला तो आलेला असतो. म्हणून ती काच. काचेतून आधी मोजायचं.

तीन आकडा लिहून घेतला, दार काढलं. आतल्या बाजूला वायरिंगचा नकाशा आणि एक तक्ता चिकटवलेला होता: एकदा लुकलुकलं तर अमुक, दोनदा तर तमुक. तीनसमोर लिहिलं होतं, प्रेशर स्विच ओपन.

माझ्या मनात पहिला विचार आला तो असा: प्रेशर स्विच बिघडलाय, नवा आणावा लागेल, पहाटे दोनला तो कुठे मिळणार? बहुतेक जण इथेच फसतात आणि चांगला भाग काढून नवा बसवतात. तक्ता असं म्हणतच नव्हता. तो म्हणत होता, मी एक प्रश्न विचारला आणि मला 'हो' असं उत्तर मिळालं नाही. कोणता भाग मेलाय हे दिवा सांगत नाही. आग लावायच्या आधी यंत्र एकामागून एक जे पुरावे मागतं, त्यांतल्या कितव्या पुराव्यापाशी ते थबकलंय एवढंच सांगतो. हे एकदा डोक्यात शिरलं की तो चिकटवलेला तक्ता कोड्याच्या पुस्तकासारखा राहत नाही, वाचता येतो.

पुराव्यांची ही साखळी मी त्या रात्री आणि पुढच्या काही दिवसांत बाबांच्या शेजारी बसून समजून घेतली. मला ती विलक्षण वाटते.

सुरुवात थर्मोस्टॅटपासून. त्या सुबक डबीचं मूळ काम दाराच्या घंटीच्या बटणाइतकं साधं: घर गार झालं की दोन तारा एकमेकींना जोडायच्या. तारांमध्ये २४ व्होल्ट, बोटाला लागले तरी जाणवणार नाहीत इतके. घंटीची उपमा मी उगाच देत नाही. विस्कॉन्सिनमधले शिक्षक वॉरन जॉन्सन यांच्या वर्गात तपमान बघायला राखणदार सारखा आत यायचा आणि शिकवण्यात खंड पडायचा. म्हणून त्यांनी १८८३ मध्ये विजेवर चालणाऱ्या थर्मोस्टॅटचं पेटंट घेतलं. वर्गात गारठा झाला की खाली भट्टीपाशी घंटा वाजायची आणि राखणदार झडप उघडायचा. दोनच वर्षांनी आमच्या शेजारच्या मिनिआपोलिसमध्ये आल्बर्ट बुट्झ यांनी घंटेच्या पुढची पायरी गाठली: थर्मोस्टॅटने इशारा दिला की एक मोटर अर्धा फेरा फिरे, साखळी ओढली जाई आणि कोळशाच्या भट्टीची हवेची झडप आपोआप उघडे. पुढे हनीवेल नावाने जगभर गेलेल्या कंपनीचा उगम तिथला. १९१९ च्या डिसेंबरात न्यू जर्सीच्या ॲलिस पार्कर या कृष्णवर्णीय स्त्रीने घरभर उष्णता खेळवणाऱ्या गॅसभट्टीचं पेटंट मिळवलं. कोळशाची भट्टी निदान कुणीतरी रोज भरायचं, राख काढायचं, जाता-येता तिच्याकडे बघायचं. गॅसची भट्टी तळघरात एकटीच पेटते आणि विझते, आणि वर माणसं झोपलेली असतात. बॉयलरपाशी उभा राहणारा माणूस तिथे नाही. तेव्हा त्याची नजर आणि त्याचा संशयी स्वभाव यंत्रातच बसवणं भाग होतं. तो कंट्रोल बोर्ड म्हणजे तळहाताएवढा बॉयलर अटेंडंट आहे.

थर्मोस्टॅटचा निरोप येतो. बोर्ड लगेच गॅस सोडत नाही. आधी आयडी फॅन चालवायचा. इथे त्याला इंड्युसर म्हणतात. कारखान्यात तो खोलीएवढा असतो, आमच्याकडे मोठ्या नारळाएवढा. काम तेच: जळणाचा धूर ओढून बाहेर घालवायचा, आणि आग लावण्यापूर्वी आधीचा चुकार गॅस आत साचला असेल तर तो झाडून काढायचा. पण फॅनला वीज दिली म्हणजे फॅन फिरला असं नाही. फॅन फिरला म्हणजे हवा वाहिली असंही नाही. पाइपात चिमणीचं घरटं असेल, पातं तुटलं असेल. म्हणून बोर्ड फॅनला विचारत नाही, हवेलाच विचारतो. फॅनच्या डब्याला एक रबरी नळी जोडलेली असते, ती एका चपट्या डबीत जाते. डबीत रबराचा पातळ पडदा. फॅनने हवा ओढली की पडदा किंचित आत खेचला जातो आणि दोन पत्र्या एकमेकींना टेकतात. हाच प्रेशर स्विच. टेकल्या की 'हो'.

किती ओढ लागते? या व्यवहाराचं माप आहे पाण्याचा स्तंभ. बाबांना ते लगेच कळलं; बॉयलरचा ड्राफ्टही ते मिलिमीटर वॉटर कॉलममध्येच लिहीत. उसाच्या रसाच्या ग्लासात नळी घालून रस जेमतेम दीड सेंटिमीटर वर चढेल इतकंच ओढा. एवढ्या ओढीवर आमच्या फर्नेसची आग लावायची की नाही हे ठरतं. आपल्या डोक्यावरच्या वातावरणाचा दाब पाण्याच्या दहा मीटरांहून उंच स्तंभाइतका असतो. त्याचा हा सुमारे सातशेवा भाग.

आणि याच्याही आधी बोर्ड एक गोष्ट करतो, जी समजली तेव्हा मी बाबांकडे बघतच राहिले. फॅन सुरू करण्यापूर्वी, सगळं शांत असताना, तो प्रेशर स्विचला एकदा विचारून घेतो: हवा वाहतेय का? या वेळी उत्तर 'नाही' असंच यायला हवं. ते 'हो' आलं तर स्विचच्या पत्र्या चिकटल्या आहेत, किंवा कुणी दोन तारा परस्पर जोडून यंत्राला फसवलंय. मग बोर्ड तिथेच थांबतो आणि वेगळा आकडा लुकलुकवतो. ज्याच्या साक्षीवर आग लावायची, त्या साक्षीदाराला आधी असा प्रश्न विचारायचा ज्याचं खरं उत्तर आपल्याला माहीत आहे.

हवेची साक्ष मिळाली की इग्नायटर तापतो. ही राखाडी, ठिसूळ पट्टी सिलिकॉन कार्बाइडची किंवा सिलिकॉन नायट्राइडची असते. सिलिकॉन कार्बाइड म्हणजे कार्बोरंडम, सुऱ्यांना धार लावायच्या दगडातलं द्रव्य. विजेने काही सेकंदांत ती हजार अंश सेल्सिअसच्या वर जाते आणि पिवळसर पांढरी दिसू लागते. तिला उघड्या बोटाने धरू नये. कातडीचं तेल लागलं की त्या ठिकाणी ती लवकर जळते. मग गॅसची झडप उघडते, आणि तीसुद्धा उसनवारीवर: चार ते सात सेकंदांत ज्योत लागल्याचा पुरावा मिळाला नाही तर गॅस बंद. बोर्ड थोडा वेळ हवा खेळवून पुन्हा प्रयत्न करतो. तीन-चार प्रयत्न फसले की कुलूप घालून बसतो, पुष्कळ यंत्रांत एक तासभर.

आमचं गाडं याच्या बरंच आधी अडलं होतं. फॅन फिरत होता, पण पडदा हलत नव्हता. बाबांनी विचारलं, "धूर कुठून बाहेर जातो?" फर्नेसमधून दोन पांढरे प्लास्टिकचे पाइप निघून भिंतीबाहेर जात होते. धूर प्लास्टिकमधून जातो हे त्यांना पटेना. पण नव्या फर्नेसांत ते शक्य असतं, कारण त्या धुरातली उष्णता इतकी पिळून घेतात की तो कोमट होऊन बाहेर पडतो. गॅसमधला मिथेन जळला की पाणी तयार होतं, एक किलो मिथेनमागे सव्वादोन किलो. जुन्या यंत्रांत ते वाफ होऊन चिमणीतून जायचं. नव्यांत ती वाफ आतच थंड होऊन पाणी होते, जाता जाता आपली उष्णता घराला देते आणि नळीतून गटारात जाते. ८० टक्के उष्णता वापरणाऱ्या यंत्रापासून ९५ टक्क्यांपर्यंतचा टप्पा या वाफेने गाठून दिला.

मला आईने दारापाशीही जाऊ दिलं नाही. बाबांनी जावयाचा कोट चढवला, कानटोपीवर मफलर गुंडाळला, बूट घातले आणि फावडं घेऊन आयुष्यात पहिल्यांदा उणे २६ मध्ये गेले. मी दार परत बसवून काचेशी बसले. एक, दोन, तीन. थांबा. भिंतीपलीकडून फावड्याचा खरखर आवाज येत होता. वाऱ्याने लोटलेला बर्फ पाइपांच्या तोंडावर चढला होता आणि धुरातल्या वाफेने त्याचा आतून टणक बर्फाळ कडा झाला होता. खरखर थांबली. पत्र्याच्या आत एक टिचकी वाजली, दोन पत्र्या टेकल्याची. लाल दिव्याचं मोजणं थांबलं. वरच्या काचेत केशरी, मग पिवळा, मग पांढरा उजेड. फुस्स. निळ्या ज्योती एकीकडून दुसरीकडे, एका बर्नरवरून पुढच्यावर, शाळेच्या रांगेत निरोप जावा तशा पेटत गेल्या. अर्ध्या मिनिटाने मोठा पंखा सुरू झाला आणि घर बोलू लागलं.

बाबा आत आले तेव्हा भुवयांवर बर्फ होता. काचेतून वाकून बघत म्हणाले, "झालं अग्निप्रदीपन."

तीन वेळा लुकलुकणं म्हणजे दर वेळी बर्फच असं मात्र नाही. तोच पुरावा आणखी कितीतरी गोष्टी अडवू शकतात. पाणी वाहून नेणारी नळी शेवाळाने तुंबली किंवा गारठली की पाणी आत चढतं आणि हवेची वाट बंद होते. रबरी नळीला चीर जाते. उन्हाळ्यात गांधीलमाश्या पाइपात घर करतात. कधी फॅनच दमतो. आणि कधीकधी खरंच स्विच बिघडतो, पण तो संशयितांच्या यादीत शेवटी यावा. शिवाय आकड्यांची भाषा प्रत्येक कंपनीची आपली. कॅरिअरच्या बऱ्याच फर्नेसांत आकडे दोन अंकी असतात: आधी छोटे लुकलुकाट म्हणजे दहम, मग लांब लुकलुकाट म्हणजे एकम. त्यांच्या तक्त्यात प्रेशर स्विच न जुळणं म्हणजे ३१, फर्नेस जास्त तापणं ३३, ज्योत सिद्ध न होणं ३४. म्हणून शेजाऱ्याच्या फर्नेसचा आकडा आपल्याला लावू नये. आपल्या दारामागचा तक्ता खरा.

जास्त तापण्याचं कारण समजायला ज्योतीनंतरची पायरी बघावी लागते. ज्योती धातूच्या नळ्यांत जळतात आणि घरातली हवा त्या नळ्यांच्या बाहेरून वाहते. धूर आणि श्वासाची हवा एकाच पेटीत शेजारून जातात, मध्ये फक्त पातळ पत्रा, आणि ती दोन्ही कधी भेटत नाहीत. वाहती हवा नळ्यांची उष्णता नेत राहते म्हणून नळ्या टिकतात. हवा कमी पडली की नळ्या तापतात आणि एक गोल चकती टक्कन उलटी होते. दोन धातूंची ही चकती, तापली की दोन्ही धातू वेगवेगळे फुगतात आणि तिला दुसऱ्या बाजूला झुकवतात. हाच लिमिट स्विच. गॅस बंद होतो, पंखा चालू राहतो, जाळ्यांतून गार वारा येतो. थोड्या वेळाने चकती निवते, पुन्हा आग, पुन्हा टक्क. घर कधीच नीट ऊबदार होत नाही. यामागे बहुतेकदा महिनोन्‌महिने न बदललेला, धुळीने पुठ्ठ्यासारखा झालेला फिल्टर असतो, नाहीतर सोफ्याखाली दबलेल्या जाळ्या. आमचा एक इंच जाडीचा फिल्टर मी आता हिवाळ्यात दर महिन्याला बघते आणि उजेडासमोर धरून पलीकडचं दिसत नसेल तर बदलते.

दिवा अजिबात लागत नसेल तर वीजच नाही. गॅस असला तरी विजेवाचून ही फर्नेस चालत नाही. ब्रेकर बघावा. फर्नेसशेजारच्या भिंतीवर दिव्याच्या बटणासारखं दिसणारं एक बटण असतं. तळघरात सामान ठेवायला गेलेल्या माणसाने दिवा समजून ते बंद केलं असं किती घरांत झालं असेल. थर्मोस्टॅटमधल्या बॅटऱ्या संपलेल्या असू शकतात. बोर्डावर मोटारगाडीत असतो तसा चपटा फ्यूज असतो, ३ अँपिअरचा जांभळा किंवा ५ अँपिअरचा फिकट तपकिरी. तो पाहण्यापूर्वी ब्रेकर बंद करावा. इतकं घरच्या माणसाने बघावं.

इथून पुढे हात आखडावा. प्रेशर स्विचच्या किंवा लिमिटच्या दोन तारा जोडून यंत्र चालू करून घेणं म्हणजे साक्षीदाराचं तोंड दाबून निकाल लावणं. दारामागचं बटण चिकटपट्टीने दाबून ठेवू नये. रोलआउट नावाचा एक स्विच असतो, तो ज्योत बर्नरच्या बाहेर आली तरच तुटतो; तो बोटाने दाबून पुन्हा लावता येतो, पण लावू नये, टेक्निशियनला बोलवावं. कुलूप पडलेलं यंत्र पुन्हा पुन्हा वीज बंद-चालू करून पेटवायला लावू नये; एकदा केलं, नाही चाललं, बस. आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म प्रत्येक मजल्यावर हवाच. तो वाजला की आधी सगळ्यांनी बाहेर पडावं, फोन नंतर. गॅसचा वास आला तर एकही बटण दाबू नये, दिव्याचंसुद्धा नाही, आणि बाहेर जाऊन मग फोन करावा. तो वास गॅसचा नसतोच. १९३७ मध्ये टेक्सासमधल्या न्यू लंडन गावच्या शाळेत वास नसलेला गॅस साचून स्फोट झाला आणि जवळजवळ ३०० जीव गेले, बहुतेक मुलं. त्यानंतर गॅसमध्ये मुद्दाम उग्र वासाचं द्रव्य मिसळण्याचे कायदे झाले. सांगलीच्या आमच्या स्वयंपाकघरातला सिलिंडर वास देतो तो याच जातीच्या द्रव्यामुळे.

दोन दिवसांनी टेक्निशियन तपासणीला आला. बाबा खुर्ची टाकून शेजारी बसले. पाइप ठीक, नळी ठीक. मग त्याने ज्योतीत शिरलेल्या एका बारीक धातूच्या कांडीची तार सोडवली आणि मध्ये मीटर जोडला. "ही काय करते?" बाबांनी मला विचारायला लावलं. ही ज्योतीची साक्षीदार, फ्लेम सेन्सर.

ज्योत लागली हे यंत्राला कसं कळावं? डोळा नाही. उष्णतेवरून ओळखायचं तर कांडी तापायला वेळ लागतो, आणि तितक्यात कितीतरी गॅस सांडून गेलेला असेल. उत्तर ज्योतीच्या अंगातच आहे. मिथेन जळताना क्षणभर काही अणुरेणू फुटून विजेचे भार वाहणारे तुकडे होतात: इकडे जड धन आयन, तिकडे हलके इलेक्ट्रॉन. म्हणजे जळती ज्योत वीज वाहून नेते, साधी हवा नेत नाही. बोर्ड त्या कांडीवर उलटसुलट होणारा विद्युतदाब देतो, घरच्या विजेसारखा एसी. एका बाजूला ही बारीक कांडी, दुसऱ्या बाजूला मोठ्या पृष्ठभागाचा बर्नर, मध्ये ज्योत. इलेक्ट्रॉन चपळ, आयन मंद. कांडी लहान, बर्नर मोठा. त्यामुळे एका दिशेला प्रवाह सहज जातो आणि दुसऱ्या दिशेला जेमतेम. उलटसुलट वीज आत गेली आणि एका दिशेची, डीसी, होऊन बाहेर आली. ज्योत स्वतःच डायोडसारखी वागते.

हे इतकं लांबचं वळण का घ्यायचं? साधा प्रवाह वाहिला की ज्योत आहे असं का मानू नये? कारण तसा प्रवाह ओलसर काजळीतूनही वाहील, कांडी पत्र्याला टेकली तरी वाहील, आणि विझलेल्या बर्नरमधून गॅस वाहत राहील. पण काजळी आणि पत्रा वीज दोन्ही दिशांना सारखीच नेतात. एकाच दिशेला झुकतं माप टाकणारी त्या पेटीत एकच गोष्ट आहे. बोर्ड फक्त त्या झुकत्या मापावर विश्वास ठेवतो. काही सेकंदांत आणि एका कांडीच्या जोरावर तो आग आणि आगीचं सोंग वेगळं ओळखतो. ज्याने हे पहिल्यांदा जमवलं असेल त्याला रात्री झोप आली नसेल असं मला वाटतं.

आणि प्रवाह किती? काही मायक्रोअँपिअर. मोबाइलचा चार्जर दोन अँपिअर देत असेल तर त्याचा दहा लाखावा भाग. आमच्या मीटरवर ०.९ होता. चालत होतं, पण काठावर. अजून थोडा उतरला असता तर ज्योत पेटून तीन-चार सेकंदांत विझली असती, पुन्हा पेटली असती, पुन्हा विझली असती, आणि दिव्याने वेगळा आकडा मोजला असता. टेक्निशियनने गॅस आणि वीज बंद केली, एक स्क्रू काढून कांडी बाहेर घेतली. दिसायला स्वच्छ होती. पण तिच्यावर काचेसारखा पातळ थर चढतो, घरातल्या धुळीतल्या सिलिकाचा, आणि तो वीज अडवतो. त्याने खिशातून बारीक तारेची घासणी काढली, आपण कढई घासतो तशीच पण मऊ, आणि कांडी हलकेच पुसली. परत बसवली.

फॅन, टिचकी, केशरी उजेड, फुस्स. बाबांनी खुणेनेच मीटर मागितला. त्याने दिला. ३१ वर्षं ज्यांनी बॉयलरच्या झरोक्यातून आगीचा रंग बघून हवा कमीजास्त केली, ते एका हातात मीटर धरून काचेत वाकले. आकडा ३.१ वर आला, ३.०, ३.२, पुन्हा ३.१. निळी ज्योत जराशी हलली की तोही हलत होता.